पान एक्केचाळीस, ओळ सहावी

डोंगर चढायला अक्कल लागत नाही, पाय लागतात. अक्कल लागते ती डोंगरावर पुस्तक लिहायला! हे मत मी बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून बनवलेलं आहे, त्यामुळे ते चांगलं मुरलेलं आहे.

मी एका प्रकाशन संस्थेत संपादक आहे. 'आपल्या राज्यातल्या बावन्न रम्य पायवाटा' हे आमचं पुस्तक तुमच्या घरी असेलच. नसेल तर शेजाऱ्यांकडे असेल, आणि तुमचे शेजारी पुस्तकं विकत घेणाऱ्यांतले नसतील तर तुम्ही घर बदला. त्या बावन्नच्या बावन्न वाटा मी लिहिल्या. त्यांतल्या चाललो किती? एकही नाही!

"याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात," असं आमची ही म्हणते.

मी म्हणतो, शेळ्या नीट घरी पोचल्या ना? मग हाकणारा उंटावर होता की खाटेवर, याच्याशी शेळ्यांना काय करायचंय!

मुळात या चालणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रविवारी पहाटे उठायचं, सायकलीच्या किमतीचे बूट घालायचे, पाठीवर अख्खं बिऱ्हाड घ्यायचं, धापा टाकत डोंगराच्या माथ्यावर जायचं, आणि तिथे जाऊन करायचं काय? तर खाली बघायचं! अरे, खालीच तर होतास ना सकाळी? तेव्हा का नाही बघितलंस? वर हे लोक घरी येऊन सांगतात की मन कसं मोकळं झालं. मन मोकळं करायला माणसाला दरवाजा पुरतो. तर अशा लोकांसाठी लिहायचं म्हणजे फार कष्ट घ्यायची गरज नसते. वनखात्याच्या माणसांनी पाठवलेली टिपणं आणि आमच्या छायाचित्रकाराने काढलेले फोटो एवढ्या भांडवलावर मी पाच महिन्यांत पुस्तक उभं केलं.

पुस्तक खपलं. सपाट्याने खपलं! आणि मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "संपादक, दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तुमचं नाव घालतो."

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण बावीस वर्षांत माझं नाव कायम आतल्या दुसऱ्या पानावर, तळाशी, छापखान्याच्या पत्त्याच्याही खाली येत आलेलं आहे. ते इतकं बारीक असतं की एकदा मेहुणी घरी आली तेव्हा हिने तिला ते भिंगातून दाखवलं. मेहुणीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा छपाईचा डाग आहे का गं?" तेव्हापासून मी तिच्या घरी जेवायला गेलेलो नाही. मुखपृष्ठावर नाव! ते मी मेहुणीच्या हातात देणार होतो, आणि तेही भिंगाशिवाय.

आता जरा त्या मुखपृष्ठाबद्दल सांगतो. सतरा क्रमांकाच्या वाटेवर एक धबधबा आहे. छायाचित्रकाराने त्याचा झकास फोटो काढला होता. मधोमध दोन खडक, एक जाडा आणि एक बारका, त्यांना म्हणतात जोडखडक. त्यांच्या पायथ्याशी दगडावर वनरक्षक बसलेला. उजव्या अंगाला लांबवर तो धबधबा, आणि डावीकडे मोकळं आकाश. सगळं छान होतं, पण आमच्या संस्थेचं बोधचिन्ह आहे घुबड, आणि ते वरच्या उजव्या कोपऱ्यातच बसलं पाहिजे असा मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा दंडक! म्हणजे घुबड नेमकं धबधब्यात बसणार. आमचा चित्रकार दोन दिवस डोकं धरून बसला होता. मी आलो, संगणकावर एक कळ दाबली, आणि फोटो आरशात दिसावा तसा उलटा केला. धबधबा डावीकडे, आकाश उजवीकडे, घुबड आकाशात. सगळे बघतच राहिले! मालक म्हणाले, "याला म्हणतात नजर!"

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

हे झालं हिवाळ्यात. सतराव्या वाटेचा मजकूर लिहायला मी बसलो उन्हाळ्यात. समोर वनरक्षकाचं टिपण होतं. त्यात त्याने लिहिलं होतं, 'जोडखडकापाशी उजव्या हाताला वळणे.' मी फोटो उघडला. धबधबा ढळढळीत डावीकडे! मी कपाळाला हात लावला. जो माणूस रोज त्या जंगलात हिंडतो त्याला डावं-उजवं कळू नये? मग मी फोटो मोठा करून त्या वनरक्षकालाच बघितलं आणि उलगडा झाला. या गृहस्थाने घड्याळ उजव्या हातात बांधलं होतं! इतकंच काय, सदऱ्याचा खिसासुद्धा उजव्या बाजूला शिवून घेतला होता! जो माणूस खिसा छातीच्या कुठल्या बाजूला असतो हे शिंप्याला सांगू शकत नाही, तो वाचकांना वाट काय सांगणार? मी त्याचं 'उजव्या हाताला' खोडलं आणि लिहिलं, 'जोडखडकापाशी डावीकडे वळावे.' पान एक्केचाळीस, ओळ सहावी.

पहिलं पोस्टकार्ड पुस्तक निघाल्यावर तीन आठवड्यांनी आलं. आजच्या काळात पोस्टकार्ड! अक्षर टपोरं, प्रत्येक ओळ फूटपट्टीने आखल्यासारखी. 'पान ४१, ओळ ६. 'डावीकडे' चूक. 'उजवीकडे' हवे. कळावे.' खाली सही आणि 'निवृत्त भूगोल शिक्षक'.

निवृत्त शिक्षक हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. समोर वर्ग उरलेला नसतो, पण लाल शाई उरलेली असते. मी सौम्य उत्तर पाठवलं, 'आपण खडकांकडे पाठ करून उभे असाल.'

उलट टपाली दुसरं पोस्टकार्ड. 'मी छत्तीस वर्षे मुलांना दिशा शिकवल्या. पाठ कुठे आणि पोट कुठे हे मला कळते. सकाळी फिरायला जाणारे आम्ही अकरा जण आपले पुस्तक घेऊन गेलो होतो. सर्वांची वये मिळून आठशेच्या वर भरतात. डावीकडे धबधबा नाही. तिथे जे आहे ते पोस्टकार्डावर लिहिण्यासारखे नाही.'

अशी एकूण नऊ पोस्टकार्डं आली. मी त्या मास्तरांचं नाव 'होकायंत्र' ठेवलं आणि ऑफिसात त्यांची नक्कल करून दाखवू लागलो. सगळे हसायचे. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्या बाजूने पुरावे येत होते ना! चौदा वाचकांनी सतराव्या वाटेबद्दल खास पत्रं लिहून आभार मानले होते. 'धबधबा छोटा पण बारमाही आहे.' 'भर उन्हाळ्यात पाण्याची धार अखंड!' 'तुषार अंगावर घेतले, फार शांत वाटले.' एका बाईंनी तर लिहिलं होतं, 'पाण्याला किंचित औषधी वास येतो. माझ्या यजमानांचे गुडघे तेव्हापासून बरे आहेत.' मी लगेच दुसऱ्या आवृत्तीच्या मजकुरात घालून ठेवलं, 'येथील पाणी औषधी असल्याचे जाणकार सांगतात.'

दहावं पोस्टकार्ड मात्र त्यांनी थेट मालकांना पाठवलं.

मालकांनी मला बोलावलं. टेबलावर एका बाजूला दहा पोस्टकार्डं, दुसऱ्या बाजूला चौदा पत्रं.

"संपादक, हा काय घोळ आहे?"

"घोळ काही नाही, मालक. एका बाजूला चौदा सुजाण वाचक आहेत, दुसऱ्या बाजूला एक रिकामटेकडा मास्तर!"

"दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जातेय. त्यावर तुमचं नाव जाणार आहे. चूक असेल तर आत्ताच बोला."

"चूक? माझी? मालक, मुखपृष्ठ समोर आहे. धबधबा कुठल्या बाजूला दिसतोय ते आपणच सांगा."

मालकांनी चष्मा लावून बघितलं. "डावीकडे."

"झालं तर मग!"

"तरी मी जाऊन बघतो," मालक म्हणाले. "रविवारी. तुम्ही, मी आणि ते मास्तर. तुमचं खरं निघालं तर मुखपृष्ठावर तुमचं नाव. मास्तरांचं खरं निघालं तर..." त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा उचलला. "तर त्यांचं."

दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. मी म्हटलं, "नाव जरा मोठ्या टायपात घालू या, मालक!"

रविवारी सकाळी सात वाजता वाटेच्या तोंडाशी जमायचं होतं. मी मेहुण्याचे बूट घालून गेलो. ते एक नंबर मोठे होते, पण हिने पुढे कागद कोंबून दिले होते. कागद म्हणजे पहिल्या आवृत्तीचीच वाया गेलेली पानं. म्हणजे मी अक्षरशः स्वतःच्या पुस्तकाच्या आधारावर उभा होतो. मालक पांढरेशुभ्र कपडे घालून आले होते. आणि 'होकायंत्र'? बारीक चणीचे, सत्तरी उलटलेले, ताठ. खांद्याला शबनम, हातात छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि हे छत्री घेऊन!

"काय मास्तर, पाऊस अपेक्षित आहे?" मी विचारलं.

"पाऊस नाही," ते म्हणाले.

"आणि पिशवीत काय काय आणलंय?"

त्यांनी शांतपणे दाखवलं. शिट्टी, दोरी, होकायंत्र, आणि हातात मावेल एवढा आरसा.

"आरसा! डोंगरावर भांग पाडायचा असतो वाटतं?"

"वाट चुकलो तर ऊन चमकवून खूण करता येते," ते म्हणाले. "आपल्या पुस्तकाचे वाचक आहोत. तयारी ठेवावी लागते."

मालक खोकल्यासारखं करून हसले. मला ते आवडलं नाही.

चढ मी पुस्तकात 'सुलभ, कुटुंबासह जाण्याजोगा' असा लिहिला होता. विसाव्या मिनिटाला मला कळेना की मी नेमक्या कुठल्या कुटुंबाबद्दल लिहिलं होतं! घामाने शर्ट पाठीला चिकटला, बुटातल्या कागदाचा लगदा झाला, आणि मास्तर पुढे शीळ घालत चाललेले. पण मी तोंड उघडलं नाही. एक म्हणजे मला हार मानायची नव्हती, आणि दुसरं म्हणजे ते आधीच श्वासासाठी उघडं होतं.

अखेर जोडखडक आले. एक जाडा, एक बारका. दोन वाटा फुटलेल्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मी मुखपृष्ठ समोर धरलं. फोटोत जाडा खडक उजवीकडे होता. समोर तो डावीकडे होता. क्षणभर मला काहीतरी विचित्र वाटलं. मग मी म्हटलं, बघण्याचा कोन वेगळा असेल. डोंगरात असं होतं.

"मास्तर, आता बोला! कुठल्या बाजूला जायचं?"

"मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "विद्यार्थ्याला त्याची चूक त्याची त्याला सापडू द्यावी, हा माझा नियम आहे. तुम्ही पुढे चला."

विद्यार्थ्याला! मी पाय आपटत डावीकडे वळलो. मालक माझ्या मागे, मास्तर त्यांच्या मागे. दहा मिनिटं झाडीतून चाललो असू, आणि मी थबकलो. कान टवकारले. धो धो आवाज! पाणी पडत होतं!

"मालक!" मी ओरडलो. "ऐकलंत? ऐकलंत?"

"अहो, खरंच की!"

मी वळून मास्तरांकडे बघितलं. त्यांनी काय करावं? छत्री उघडली! लख्ख उन्हात छत्री उघडून डोक्यावर धरली आणि चालू लागले. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला हार सहन झाली नाही, तोंड लपवतोय.

झाडी संपली आणि समोर धबधबा! हिरवंगार शेवाळ धरलेला कडा, वरून वेली लोंबलेल्या, आणि त्यांच्यातून पाण्याची जाड धार खालच्या डोहात कोसळत होती. फोटोतल्यापेक्षा बराच बुटका वाटला, पण फोटोत सगळंच उंच दिसतं. माझ्या लग्नाच्या फोटोत मीसुद्धा उंच दिसतो. तुषार उडत होते. किंचित औषधी वास येत होता! अगदी त्या बाईंनी लिहिला होता तसा!

मालकांचा चेहरा खुलला. ते धारेच्या अगदी जवळ गेले, डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि तुषार तोंडावर घेत उभे राहिले. "वा! संपादक, वा! बावीस वर्षं तुम्हाला त्या खुर्चीत कोंडून ठेवलं, माझंच चुकलं." मग त्यांनी रुमाल भिजवला, मान पुसली, कान पुसले आणि पुन्हा हात पसरून उभे राहिले.

माझ्या डोळ्यांसमोर मुखपृष्ठ आलं. माझं नाव, मोठ्या टायपात, घुबडाच्या अगदी शेजारी. मी बाटली काढली, हिच्यासाठी भरून घेतली, आणि मग मास्तरांना दाखवून एक घोट स्वतः घ्यावा म्हणून ती तोंडाला लावणार, एवढ्यात छत्रीच्या मुठीने माझं मनगट ओढलं गेलं.

"पिऊ नका!" मास्तर ओरडले. "अहो, पिऊ नका! नियम गेला खड्ड्यात!"

"का? औषधी आहे म्हणून जळता?"

तेवढ्यात त्या हिरव्यागार कड्यात एक दार उघडलं.

होय, दार. लोखंडी, बिजागरीचं. त्यातून निळा डगला घातलेला, हातात पाना घेतलेला एक माणूस बाहेर आला आणि आमच्याकडे बघून प्रसन्न हसला.

"पुस्तकवाले ना? या, या! आज तिघंच? मागच्या रविवारी बावीस होते!"

"हे... हे काय आहे?" मालकांनी विचारलं. त्यांचे हात अजून पसरलेलेच होते.

"शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र," तो माणूस अभिमानाने म्हणाला. "मी इथला यंत्रचालक. शहराकडून येणारा रस्ता पुढून आहे. ही मागची बाजू, इथून शुद्ध झालेलं पाणी बाहेर सोडतो. भिंतीवर वेली मीच चढवल्यात."

"सांड... पाणी?"

"आता तितकं सांडपाणी नाही राहिलं, साहेब! तीन टाक्यांतून येतं. औषध टाकतो ना, त्याचा वास येतो जरासा. अंघोळीला वगैरे नाही चालत, पण झाडांना उत्तम!"

मालकांनी हळूहळू हात खाली घेतले. रुमालाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं टोपण फार काळजीपूर्वक लावत होतो.

"सुरुवातीला हाकलत होतो सगळ्यांना," यंत्रचालक सांगतच होता. "मग म्हटलं, येतायत तर येऊ देत. नऊ वर्षांत आमचे मोठे साहेबसुद्धा इथे फिरकले नव्हते, आणि आता रविवार आला की माणसं! कौतुक करतात, फोटो काढतात. मी बाक टाकला, अभिप्रायाची वही ठेवली. एकच इच्छा आहे, ते पुस्तक लिहिणारा माणूस एकदा भेटला पाहिजे."

"हे काय, हेच ते," मास्तर म्हणाले आणि छत्रीने माझ्याकडे बोट करावं तशी खूण केली.

त्या माणसाने माझे दोन्ही हात हातात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या! आतून वही आणली आणि म्हणाला, "साहेब, एक सही द्या." बावीस वर्षांत माझी सही कुणीतरी पहिल्यांदाच मागत होतं. मी दिली. काय करणार?

परत जोडखडकापाशी येईपर्यंत मी मालकांच्या चार पावलं मागेच राहिलो. मालक सारखे मान झटकत होते. खडकांच्या पायथ्याशी दगडावर खाकी कपड्यांतला एक माणूस बसला होता. मी त्याला तत्काळ ओळखलं. तोच! फोटोतला वनरक्षक! बुडणाऱ्याला काडी मिळावी तसा मी त्याच्यावर तुटून पडलो.

"तुम्ही! तुम्हीच ते! मी या पुस्तकाचा संपादक! धबधबा नक्की आहे कुठे?"

"उजवीकडे, साहेब. लिहून दिलं होतं की. तुमच्या पुस्तकापासून माझी रविवारची सुट्टी गेली. इथे बसून माणसं उजवीकडे वळवत असतो, तरी कितीतरी जण पुस्तक दाखवून डावीकडेच जातात. आज जरा उशीर झाला तेवढ्यात तुम्ही निसटलात."

"उजवीकडे कसा असेल? हा फोटो बघा! डावीकडे आहे! आणि तुमच्या डाव्या-उजव्याचं मला सांगू नका, घड्याळ उजव्या हातात बांधता तुम्ही!"

वनरक्षकाने स्वतःचे दोन्ही हात बघितले. घड्याळ डाव्या हातात होतं.

"आज डाव्या हातात का?" मी गरजलो.

"अठ्ठावीस वर्षं डाव्याच हातात बांधतो."

"आणि खिसा?"

त्याने छातीवर हात ठेवला. डाव्या बाजूला. "खिसा जिथे असतो तिथेच आहे, साहेब. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मास्तरांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. वनरक्षकाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. मग शबनमीत हात घातला आणि तो आरसा काढला. भांग पाडायचा आरसा! मुखपृष्ठ त्याच्यासमोर धरलं आणि आरसा मालकांच्या डोळ्यांसमोर नेला.

आरशात जाडा खडक डावीकडे होता. घड्याळ डाव्या हातात होतं. खिसा जागेवर होता. आणि धबधबा, मुकाट्याने, उजवीकडे होता.

"संपादक," मालक हळू आवाजात म्हणाले, "हा फोटो उलटा कुणी केला?"

मला सगळं आठवलं. ती कळ, ते घुबड, ती 'नजर'. "मालक," मी म्हटलं, "ते... आपलं घुबड धबधब्यात बसत होतं, म्हणून..."

"म्हणजे चूक घुबडाची?"

मी मुखपृष्ठावरच्या घुबडाकडे बघितलं. ते आपल्या कोपऱ्यात निवांत बसलं होतं.

मग आम्ही उजवीकडे गेलो. पंधराव्या मिनिटाला तो दिसला. खरा. तीन टप्प्यांत कोसळणारा, उन्हात चमकणारा, आवाजाने छाती भरून टाकणारा. त्यात दार नव्हतं. मी एका दगडावर बसलो आणि बराच वेळ बघत राहिलो. बावन्न वाटा लिहिल्या, आणि त्यांतली एक पहिल्यांदा बघत होतो. खरं सांगतो, मला लाज वाटली. मास्तर शेजारी येऊन बसले आणि पिशवीतून उकडलेलं अंडं काढून अर्धं मला दिलं.  एक वेळ दोन शब्द टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं!

सोमवारी आवृत्ती छापायला गेली नाही. शिल्लक राहिलेल्या प्रतींत शुद्धिपत्रकं चिकटवायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी स्वतःच्या हाताने, डिंकाची बाटली घेऊन, त्याच खुर्चीत बसून केलं. दरम्यान मास्तर सकाळच्या मंडळींना घेऊन बावन्न वाटा चालून आले. एकूण सात ठिकाणी मी वाचकांना भलतीकडे पाठवलं होतं, असं निघालं. त्यांतलं एक ठिकाण म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघराची मागची भिंत होती. त्याबद्दल जास्त विचारू नका.

दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर फोटो सुलट, घुबड धबधब्यात. "बसू दे त्याला आत," मालक म्हणाले, "मीही भिजलो, त्यालाही कळू दे." आणि घुबडाखाली, मोठ्या टायपात, मास्तरांचं नाव. मी पुस्तक घरी नेलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. हिने ते उचललं आणि चाळायला लागली.

"अहो!" ती एकदम ओरडली. "आलं की!"

"काय आलं?"

"तुमचं! हे बघा, एक्केचाळिसाव्या पानावर, ठळक अक्षरात!"

मी धावत गेलो. सतराव्या वाटेच्या शेजारी, चौकटीत, मथळा होता: 'वाट १७ अ. संपादकाची वाट.' खाली मजकूर. 'चढ सोपा. पाणी बारमाही. चौदा वाचकांची पसंती. शेवटी शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. यंत्रचालक अगत्यशील आहेत. पाणी पिऊ नये.' आणि या सगळ्याच्या आधी, ओळ सहावी, जशीच्या तशी: 'जोडखडकापाशी डावीकडे वळावे.'

पुस्तकात एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. टपोरं अक्षर. 'पान ४१, ओळ ६. आपली ओळ बदललेली नाही. ती चूक नव्हती, फक्त चुकीच्या वाटेखाली लिहिली गेली होती. कळावे.'

मी पोस्टकार्ड दोनदा वाचलं. संतापावं की काय करावं ते कळेना. तोवर हिने फोन लावला होता.

"अगं ताई, ऐक ना! यांच्या नावाची वाट निघालीय! हो, हो, पुस्तकात छापलंय! भिंग कशाला? दारातून दिसेल एवढं मोठं आहे! बावन्न वाटांत दुसऱ्या कुणाच्या नावाची एक तरी आहे का? रविवारी तू आणि भाऊजी चलाच बघायला. काय काय आणू म्हणतेस? थांब हं, यांनाच विचारते."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि म्हटलं, "छत्री आणायला सांग."